तुम्ही विचारलंत म्हणून: डब्यांवर चिठ्ठ्या कशाला?

गौरीजेवणाच्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायका हॉलमध्ये कमी आणि आमच्या स्वयंपाकघरात जास्त होत्या. दोघींनी फडताळाचे फोटो काढले. एकीनं डब्यांवरच्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या, वरईचे तांदूळ, साबुदाणा, मेथ्या, आणि विचारलं, "हे सगळं भाऊजींनी केलंय?" मग हिच्याकडे वळून, "नशीब काढलंस हो!" ही काही बोलली नाही. चहाचं आधण जरा जोरात ठेवलं, एवढंच.

हा प्रश्न मला सोसायटीच्या जिन्यात, डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये आणि भाच्याच्या साखरपुड्यातसुद्धा विचारून झालाय. दोन खोल्यांत म्हातारी आई आणि आम्ही दोघं, तरी घर इतकं टापटीप कसं, चार टिपा द्या की. देतो. आधी तेच उरकून टाकू.

दाराच्या आत, चपलांच्या फळीवर एक खिळा आहे. किल्ल्या तिथंच, खिशात नाही, फ्रिजवर नाही. लाइटबिलं, सोसायटीच्या पावत्या, रेशनकार्ड, आईची फाइल हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी कुठं आहे ते घरातल्या तिघांनाही माहीत आहे. रात्री टीव्ही बंद करून दहा मिनिटं दोघांनी मिळून हॉल रिकामा करायचा, ओटा कोरडा करायचा. नवी वस्तू घरात आली की जागा ठरेपर्यंत ती जेवणाच्या टेबलावर. टेबल भरलं की ताटं ठेवायला जागा उरत नाही, म्हणून जागा लवकर ठरते. आणि डब्यांवर चिठ्ठ्या. संपलं. यातलं काही मी शोधून काढलेलं नाही, तुमच्या आजीला हे सगळं येत होतं. तिच्या फडताळाचे फोटो कुणी काढले नाहीत. माझ्या काढतात, कारण मी पुरुष आहे. ते कौतुक मला नकोय. त्या चिठ्ठ्या म्हणजे हौस नाही, कबुलीजबाब आहे, मेडिकलमधून आणलेल्या चिकटपट्टीवर लिहिलेला.

२०१९ च्या जुलैमध्ये ही स्टेशनच्या ओल्या जिन्यावरून घसरली. घोट्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. पाच दिवस हॉस्पिटलात. रात्री तिच्याजवळ मुलगी थांबायची, घरी मी आणि आई. आई तेव्हा ७८ वर्षांची, मधुमेह वीसेक वर्षांचा, गोळ्या सकाळ-संध्याकाळ. मला वाटलं, यात काय अवघड आहे? गोळ्यांचा डबा समोर होता. पहिल्या दोन रात्री निभावल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलातून आलो, वेळ झाली म्हणून साडेसातला आईला गोळी दिली आणि मग खिचडी टाकली. खिचडी व्हायला आठ वाजून गेले, आणि ती लागली खाली. आईनं चार घास खाल्ले, "नको रे, इच्छा नाही," म्हणाली आणि पडली. मीही आग्रह केला नाही. दमलो होतो.

रात्री पावणेतीनच्या सुमाराला तिच्या पुटपुटण्यानं जाग आली. दिवे गेलेले, बाहेर पाऊस. मोबाइलचा उजेड टाकला तर आई घामानं थबथबलेली, हात थरथरत होते, आणि मला दादा म्हणत होती. दादा म्हणजे तिचा भाऊ, त्याला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. साखर उतरलीय हे मला कळलं. तेवढं कळण्याइतका मी घरात होतो. साखर द्यायची हेही माहीत होतं. साखर कुठं आहे ते माहीत नव्हतं.

हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली आहेत, म्हणून पुन्हा वाचा. ज्या साखरेचा चहा मी दिवसातून दोनदा पीत होतो, २६ वर्षं, ती कुठं ठेवलेली असते ते मला माहीत नव्हतं.

फडताळात स्टीलचे सोळा डबे, सगळे एकसारखे, आमच्या १९९३ च्या लग्नातले. डब्यांवर नावं होती बरं का, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली. 'चि. सौ. कां. हिस आत्याकडून सप्रेम भेट.' 'कै. नानांच्या स्मरणार्थ.' एकावर तर माझंच नाव होतं. डबा कुणी दिला ते प्रत्येक डबा सांगत होता. आत काय आहे ते एकही सांगत नव्हता. मी दातांत मोबाइल धरून झाकणं उघडत गेलो. डाळ. पोहे. रवा. कसलंसं पीठ. बेसन. पुन्हा डाळ, वेगळी. सातव्या की आठव्या डब्यात पांढरे, जाडसर, चकाकणारे खडे. तीन चमचे अर्धा पेला पाण्यात ढवळले, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला ओठांना लावला.

ते लोणच्यासाठी आणलेलं जाडं मीठ होतं.

चाखून का नाही पाहिलंत, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. तुमची आई तुम्हाला मेलेल्या मामाच्या नावानं हाका मारत असेल तेव्हा तुम्ही चाखून बघा. (हे मी उगाच चिडून लिहिलं. चाखायला हवं होतं.) आईनं ते पाणी फुर्रकन माझ्या अंगावर उडवलं आणि मला म्हणाली, "दादा, विष घालतोस का रे?"

मग मी हिला फोन केला. ऑपरेशन होऊन दुसरी रात्र, गुंगीची औषधं चालू. आधी मुलीला लावला, तिनं उचलला नाही, मग हिला. दुसऱ्यांदा लावल्यावर उचलला. तिनं सगळ्यात आधी विचारलं, "शुद्धीवर आहेत ना? गिळतायत?" मी हो म्हटलं. "बोर्नव्हिटाच्या बरणीत. फ्रिजवर, डावीकडे. मुंग्या लागतात म्हणून." बरणी तिथंच होती. मी रोज तिच्याशेजारून पाण्याची बाटली काढायचो. तीन चमचे साखर, अर्धा पेला पाणी, घोट घोट. पंधरा मिनिटांनी थरथर कमी झाली. मग बिस्किटं दिली. आईनं मला माझ्या नावानं हाक मारली आणि विचारलं, "तू उघडा का बसलायस?" शर्ट मिठाच्या पाण्यानं भिजला होता.

फोन चालूच होता. ही म्हणाली, "गोळी कधी दिलीत?" सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग, "ताट समोर आल्याशिवाय द्यायची नाही हो." बस, इतकंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

रक्तातली साखर मोजायचं मशीन मला सकाळी सापडलं, देव्हाऱ्याखालच्या खणात, वातींच्या पुडक्याशेजारी. आई सकाळी देवाला नमस्कार करून तिथंच पाटावर बसते आणि ही तिथंच तिचं बोट टोचते. मशीन त्या खणात असणं अगदी बरोबर होतं. या घरातली प्रत्येक वस्तू बरोबर जागी होती. पेचकस शिवणाच्या डब्यात, कारण तो लागतो शिलाई मशीनला. सिलिंडर लावल्याची तारीख ओट्याखालच्या दाराला आतून पेन्सिलीनं. घर अजिबात अस्ताव्यस्त नव्हतं. फक्त त्याचा नकाशा एका माणसाच्या डोक्यात होता आणि ते माणूस कल्याणच्या हॉस्पिटलात पाय उंच करून पडलं होतं.

डॉक्टरांकडून जे ऐकलं ते तेवढं सांगतो, घरात मधुमेहाचं वयस्कर माणूस असेल तर उपयोगी आहे. साखर ७० च्या खाली गेली की ती उतरलेली समजायची. माणूस शुद्धीवर असेल, गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. सरळ हॉस्पिटल गाठायचं. आमची शुद्धीवर होती. होती म्हणून मी हे लिहितोय.

त्याच दुपारी चिकटपट्टी आणली, बरणीतली साखर फडताळातल्या एका डब्यात काढली आणि चिठ्ठ्या लावल्या.

आता त्या आधीच्या मला काय म्हणायचंय तेही ऐका, कारण तो अजून माझ्यात बसलाय आणि अधूनमधून बोलतो. तो म्हणतो, मी काही आयतोबा नव्हतो. भाजी आणायचो. रविवारी पंखे पुसायचो. गणपतीआधी माळा मीच काढायचो. घरात मदत करायचो! खरं आहे. पण भाजी कोणती आणायची ते लिहून हातात मिळायचं. माळ्यावरून काय काढायचं ते खाली उभं राहून ही सांगायची. मदत हा पाहुण्याचा शब्द आहे. पाहुणा विचारतो, "काही मदत करू का?" आणि मग विचारतो, "चमचे कुठं आहेत?"

केंद्र सरकारच्या २०२४ च्या सर्वेक्षणात आकडे आहेत, कुणाचा वेळ कशात जातो त्याचे. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष ते करतात ते ८८. माझ्या पंख्यांची मिनिटं या ८८ मध्ये धरली असती. बोर्नव्हिटाच्या बरणीत साखर आहे हे २६ वर्षं लक्षात ठेवण्याची मिनिटं कुठं धरायची? यावर तो आधीचा मी म्हणतो, "तिनं तरी सांगायचं होतं." मला अजून याचं नीट उत्तर सापडलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, हे उत्तर आहे, पण रोज विचारणाराही मीच होतो. चष्मा कुठंय, बनियन कुठंय, पासबुक कुठंय. विचारून विसरून जायचो, कारण उद्या परत विचारता यायचं.

आणि ही? तुम्हाला वाटत असेल, ती घरी आल्यावर खूश झाली. वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली, सोळा डब्यांवरच्या सोळा पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाली, "माझं डोकं उघडून भिंतीला टांगल्यासारखं दिसतंय." मी म्हटलं, "तुझ्याच सोयीसाठी." ती म्हणाली, "माझी काय गैरसोय होती?"

नव्हतीच. गैरसोय माझी होती, ती मी तिच्या फडताळावर चिकटवली होती. त्यावरून आमचं आठवडाभर वाजलं. तिचं म्हणणं, इतकी वर्षं लावलेल्या घडीला कुणी हात लावला नाही, आणि मी पडल्यावर एका दुपारीत तुम्ही शहाणे झालात. वर लोक विचारणार, भाऊजींनी केलं? तसंच झालं. माझं म्हणणं, त्या रात्री तू फोन उचलला नसतास तर? यावर ती गप्प बसते. मी जिंकलो म्हणून ती गप्प बसते असं मला पूर्वी वाटायचं.

फायदा झाला का? झाला. २०२२ मध्ये मुलीच्या बाळंतपणाला ही दोन महिने पुण्याला होती. पहिल्या आठवड्यात मी 'कुठंय' म्हणून फक्त दोनदा फोन केला. आईच्या गोळ्यांच्या डब्यावर 'ताट समोर आल्यावर' असं लिहिलेलं आहे, मोठ्या अक्षरात, आईलासुद्धा वाचता येईल असं, आणि तसं घडतं. घरात चिडचिड कमी झाली, हे शेजारीही सांगतील, भिंती पातळ आहेत. पण पुण्याहून परत आल्यावर ही म्हणाली, "तिथं करमलं नाही. कुणी काही विचारतच नव्हतं." थट्टेत म्हणाली की खरंच, ते मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

शिवाय चिठ्ठी सांगते साखर कुठं आहे. साखर संपत आलीय हे चिठ्ठी सांगत नाही, ते अजून हीच बघते. त्यासाठी मी ओट्यावर पाटी टांगली, संपत आलेलं लिहायला. पाटीवर माझ्या अक्षरात जे असतं ते संपून गेलेलं असतं. संपत आलेलं असतं ते तिच्या अक्षरात. तेव्हा नशीब वगैरे काढलेलं नाही कुणी. कृपा करून तिच्यासमोर ते पुन्हा म्हणू नका.

हां, आणि बऱ्याच जणींनी पट्टी कोणती असं विचारलं होतं. मेडिकलमध्ये मिळते ती पांढरी कापडी चिकटपट्टी. वाफेनं सहसा सुटत नाही. बॉलपेन नको, पुसतं, मार्कर घ्या. आणि चिठ्ठी झाकणावर लावू नका, डब्याच्या अंगावर लावा. मी झाकणांवर लावल्या होत्या. आठव्या दिवशी मोलकरणीनं डबे घासले, सगळी झाकणं एकाच मापाची, आणि संध्याकाळी हिनं 'साखर' लिहिलेला डबा उघडून माझ्यासमोर धरला. म्हणाली, "चाखा."