आमची वाटचाल: पाठकोऱ्या कागदापासून

छापखान्यांत वाया गेलेला कागद आणि पुठ्ठा आम्ही शाळांना हस्तकलेसाठी पुरवतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा आमचं गोडाऊन दांडेकर पुलाजवळ तळमजल्यावर होतं. दिवाळीच्या आकाशकंदिलांचा माल आत भरून ठेवलेला. सकाळी शटर उघडेना. गठ्ठे पाणी पिऊन फुगले होते आणि आतून शटरला रेटत होते. कागदाच्या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको. कार्डशीट, डुप्लेक्स पुठ्ठा, लग्नपत्रिकांची कतरण, कापडाच्या थानातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, चार फुटांपर्यंतचं सगळं गेलं. साडेपाच लाखांचा माल, आणि विमा नाही.

"वाळवून द्या की शाळांना, मुलांना काय कळतंय," असं सांगणारे बरेच भेटले. एकाने लगदा करून विकायला सांगितलं. ओढ्याच्या पुराचं पाणी म्हणजे निम्मं सांडपाणी. सात-आठ वर्षांचं पोर ज्या कागदाला हात लावणार, चिकट बोटं तोंडात घालणार, तो कागद मी असला देणार नव्हतो. पाच टेम्पो भरून कचऱ्यात घातला. रद्दीच्या भावानेही विकला नाही, कारण तिथून तो कुठे फिरेल याचा भरवसा नव्हता. तेव्हा मला वेड्यात काढणारे आजही तेच म्हणतात. म्हणू देत.

धंदा सुरू झाला 2006 मध्ये. मी नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये बायंडिंगला होतो. मुलाला घेऊन आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गेलो. तिथे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण-चौकोन करून दाखवत होते. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो. मुलगा ते पाहत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या प्रेसमधला रद्दीचा कोपरा होता. रंग जुळेपर्यंतचे ताव, एका बाजूने छापलेले, दुसरीकडून कोरे. चांगला जाड, 130 जीएसएमचा (चौरस मीटरला 130 ग्रॅम) पाठकोरा कागद किलोवर जात होता, आणि मुलाच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला दुकानातून नवीन कार्डशीट आणायला सांगत होते.

आमच्या प्रेसमधले कटिंगवाले काका माझे पहिले भागीदार. त्यांनी पैसे घातले नाहीत, हात घातला. बंद पडलेल्या एका ट्रेडल (पायाने चालवायच्या यंत्राच्या) छापखान्याचं 32 इंची कटिंग मशीन त्यांनीच शोधून दिलं. पातं बोथट होतं, गठ्ठा दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू झिजलेला होता. काकांनी ते पंधरा दिवसांत असं लावून दिलं की दोनशे तावांच्या गठ्ठ्यात वरचा आणि खालचा ताव केसभरही वेगळा येत नसे. पात्याखालची लाकडी पट्टी दर आठवड्याला फिरवायची, हे त्यांनी शिकवलं. पट्टीत खाच पडली की शेवटचे चार ताव कुरतडल्यासारखे निघतात. बहुतेक जण दोष पात्याला देतात आणि धार लावत बसतात.

त्याच छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरंही फुकट मिळत होती. मोठे लाकडी खिळे आम्ही घेतले. ते रंगात बुडवून ठसे उमटवण्यात मुलं तासन्‌तास रमतात. धातूचे खिळे शिशाचे, ते घेतले नाहीत. दान आलं म्हणून सगळं मुलांपर्यंत जाऊ द्यायचं नसतं. औषधांच्या बाटल्या, बिलांचे थर्मल रोल, पिना न काढलेली खोकी, आम्ही आजही परत पाठवतो.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे महापालिकेच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. पहिला गठ्ठा उघडून त्यांनी विचारलं, "हा कागद आला कुठून, ते मुलांना कोण सांगणार?" तेव्हापासून आमच्या प्रत्येक गठ्ठ्यात एक चिठ्ठी असते. 'हे ताव कॅलेंडर छापताना रंग जुळवण्यात गेले.' 'या नळीवर शर्टाच्या कापडाचं थान गुंडाळलेलं होतं.' बाई ती चिठ्ठी वाचून दाखवायच्या आणि मगच कात्र्या वाटायच्या. आमच्या मालाची सगळी किंमत त्या चिठ्ठीत आहे, असं मी मानतो.

लग्नपत्रिकांचा धडाही बाईंकडूनच मिळाला. पत्रिकेवरचा गणपती कात्रीत सापडला म्हणून एका पालकाने तक्रार केली होती. तेव्हापासून गणपतीचा भाग आम्ही आधीच कापून वेगळा ठेवतो. तो किलोवर जात नाही, त्याची भेटकार्डं होतात.

2008 पासून 2016 पर्यंत धंदा चालला, शाळा वाढल्या. नोटाबंदीत रद्दीचा रोखीचा बाजार दोन महिने थंडावला, आम्हीही थांबलो. मार्च 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवर बंदी आली आणि प्रकल्पांसाठी सगळ्यांना पुठ्ठा आठवला. त्याच भरात मी गोडाऊन तळमजल्यावर घेतलं. ती चूक माझी.

पुरानंतर चौथ्या दिवशी बाई रिक्षातून आल्या. दोन खेपांत आठ खोकी उतरवली. वर्षभर आमच्याकडून घेतलेल्या मालातलं उरलेलं त्यांनी नीट वर्गवारी करून शाळेत जपून ठेवलं होतं. म्हणाल्या, "दिवाळीच्या ऑर्डरी भागवा, आमच्या मुलांचं मी पाहते." 27 ऑक्टोबरला दिवाळी होती. त्या आठ खोक्यांवर आणि वरच्या रॅकमधल्या कोरड्या मालावर आम्ही अकरा शाळांचे कंदील पुरे केले. काका तेव्हा सत्तरीला आलेले, तरी रोज येऊन मशीनवर उभे राहत.

पुढे मार्च 2020 मध्ये शाळाच बंद झाल्या. त्याबद्दल नव्याने काय सांगायचं!

शाळा उघडल्या तेव्हा बाजारात दुसऱ्या एका कंपनीचं खोकं आलेलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरात 'टाकाऊतून टिकाऊ'. मी एक विकत घेऊन उघडलं. आत नव्या कोऱ्या आइस्क्रीमच्या काड्या, नव्याने गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, मोजून दिलेली बटणं, आणि सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. यातलं काहीही कधी टाकलं गेलेलं नव्हतं. नळ्या ज्या कारखान्यात झाल्या त्याच्या मालकांनी मला स्वतः सांगितलं की खास त्या खोक्यासाठी लहान मापाच्या करून मागितल्या होत्या. आमच्याकडे बारा वर्षं असलेली एक मोठी शाळा त्या खोक्याकडे गेली. कारण दिलं की प्रत्येक मुलाला अगदी सारखा माल मिळतो. चाळीस मुलांच्या हातून चाळीस सारखी पेनस्टँड निघाली तर चित्रकलेचा तास कशाला हवा? हे मी तेव्हा त्या शाळेतल्या बैठकीतही विचारलं. उत्तर मिळालं नाही, आणि जुनं 14,200 रुपयांचं बिलही अजून मिळालेलं नाही.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी, कुणी विचारल्या नसल्या तरी. कंदिलाची घडी नेहमी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेने घाला. ताव दोन्हीकडून हलकेच वाकवून पाहा, जिकडे सहज वाकतो तो ग्रेन. उलटी घडी घातली की कार्ड तडकतं आणि पोराला वाटतं आपलंच चुकलं. दुसरं, खळ घरी शिजवा, पण बायंडर घालतात तसं मोरचूद त्यात कधीही घालू नका, ते विषारी आहे. मैद्याची ताजी खळ दोन दिवस टिकते, वर्गाला तेवढी पुरते.

आताचं गोडाऊन पहिल्या मजल्यावर आहे. बाई निवृत्त झाल्या, पण शनिवारी चिठ्ठ्या लिहायला येतात. काका गेले, मशीन चालू आहे. प्रेसवाल्यांना एकच सांगणं: पाठकोरे ताव वेगळे बांधा, कोरी बाजू वर ठेवा आणि काय छापताना वाया गेले ते गठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहा. टेम्पो आमचा येईल.