रिम ठरली, ३२ भोकांची: रोड बाइकची चाकं घरी बांधताना, टप्पा दुसरा

गेल्या रविवारी जुन्या मागच्या चाकाचा टायर काढला आणि ब्रेक घासतो त्या पट्टीवर स्टीलची फूटपट्टी उभी धरली. पट्टीची वरची आणि खालची कड फूटपट्टीला टेकली, मधून मात्र बाल्कनीतला उजेड आरपार दिसत होता. दुसऱ्या बाजूलाही तेच. शिवाय कॅसेटच्या, म्हणजे मागच्या गिअरचक्रांच्या बाजूच्या एका निपलपाशी (तार रिमला आवळून धरणारं छोटं नट) केसाएवढी चीर. तीन पावसाळे मुलुंड ते घोडबंदर रोड आणि परत, एवढीच त्या रिमची कमाई. रस्त्यावरची रेती पाण्याबरोबर उडून ब्रेकच्या रबरात रुतते आणि मग प्रत्येक ब्रेकला रिम पॉलिश पेपरने घासल्यासारखी झिजते. भिंत पातळ झाली की आतल्या हवेच्या दाबानेच ती एक दिवस बाहेर फुटते, आणि हे उतारावर व्हायला नको. त्या संध्याकाळीच तारा कापून हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, मोकळे केले.

हब शिमानोच्या १०५ मालिकेचेच, ३२ भोकांचे, बेअरिंग अजून छान फिरतात. त्यामुळे भोकांचा प्रश्न माझ्यासाठी हबनेच सोडवला होता. पण नवे हब घेतले असते तरी मी ३२ च घेतले असते. माझं वजन ८४ किलो, वर पाण्याच्या दोन बाटल्या, आणि पेव्हर ब्लॉकचे सांधे व खड्डे रोजचेच. २८ भोकांवर आलो तर एका चाकामागे चार तारा आणि चार निपल वाचतात, म्हणजे जेमतेम ३० ग्रॅम. गायमुखच्या चढाला ते ३० ग्रॅम कळणार नाहीत. एक तार तुटली की ३२ चं चाक थोडा आऊट (डुगडुग) घेऊनही घरापर्यंत आणतं, हे मात्र नक्की कळतं.

आता रिम. महिनाभर तीन नावं डोक्यात होती.

माव्हिक ओपन प्रोवर माझं जुनं प्रेम आहे. भोकांना आयलेट, म्हणजे धातूच्या कड्या असलेली ती जुनी रिम आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांच्या हातची मी पहिल्यांदा पाहिली, आऊट काढायलाही त्यांनीच शिकवलं. पण तिची आतली रुंदी १५ मिमी, आणि मला २८ मिमीचा टायर घालायचाय. टायर बसतो, पण वर फुगतो आणि खाली आवळतो, वळणावर बूड हलल्यासारखं वाटतं. सोडली.

एच प्लस सन आर्किटाइप दिसायला या तिघींत सर्वांत देखणी. बाहेरून २३ मिमी रुंद, २५ मिमी उंच, पाहताक्षणी घ्यावीशी वाटते. मला मिळत होती ती काळी, ब्रेकच्या पट्टीवरही काळाच थर असलेली. तो थर घासून जाईपर्यंत ब्रेक कमी धरतो, आणि पट्टे पडत गेलेली रिम पाहून जीव हळहळतो. पावसात पहिल्या दिवसापासून ब्रेक लागणारी पट्टी मला हवी होती.

उरली डीटी स्विस आर ४६०. आतून १८, बाहेरून २३ मिमी, वजन नावातच लिहिलेलं. ब्रेकची पट्टी मशीनवर घासून उघडी ठेवलेली. त्यांचीच आरआर ४११ थोडी हलकी, आणि मागच्या चाकासाठी तिरकी, म्हणजे भोकं एका बाजूला सरकवलेली मिळते. ती खरोखर मोहात पाडणारी गोष्ट आहे. मागच्या हबवर ११ गिअरची कॅसेट बसवायला उजवी फ्लँज (हबची तारा अडकवायची कड) आत सरकलेली असते. माझ्या हबवर मध्यापासून उजवी साधारण १८ मिमी, डावी ३७. म्हणून उजव्या तारांना पूर्ण ताण दिला की डाव्यांना त्याच्या निम्माच मिळतो. सैल डाव्या तारा खड्ड्यात आणखी सैल होतात आणि निपल आपोआप सुटत जातात. तिरकी रिम हा फरक कमी करते. पण एका रिमची किंमत जवळजवळ दोन आर ४६० एवढी, आणि ब्रेकने झिजणारी वस्तू दोन-तीन पावसाळ्यांनी बदलायचीच आहे. डाव्या निपलांच्या आट्यांना जवसाचं तेल लावेन, ते वाळून चिकट धरतं.

मागवल्या. खोका आला तेव्हा एक रिम ३२ ची आणि एक २८ ची निघाली. वरच्या चिठ्ठीवर दोन्ही ३२. परत पाठवून दुसरी यायला बारा दिवस गेले. तुम्हीही खोका उघडल्याबरोबर भोकं मोजा, व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून, व्हॉल्व्ह सोडून.

दोन्ही हातात आल्यावर केकसाठी घेतलेल्या काट्यावर ठेवल्या: ४६४ आणि ४५८ ग्रॅम. आणि मग कामाचं मोजमाप, ईआरडी. तारेचं टोक निपलमध्ये जिथवर पोचायला हवं तिथून समोरच्या तशाच टोकापर्यंतचा व्यास. यात १ मिमी चुकलं की तार अर्धा मिमी चुकते. कंपनी आकडा देते, पण मी छापील आकड्यावर तारा मागवत नाही. दोन जुन्या तारा घेतल्या, टोकाकडून बरोबर २६० मिमीवर कापल्या, टोक निपलच्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत फिरवलं आणि तिथेच फेविक्विक लावलं. एक तार एका भोकात, दुसरी बरोबर सोळावं भोक मोजून समोर. दोन्ही ताणून धरल्या आणि मधली फट नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या व्हर्नियरने मोजली. पहिल्यांदा ७६.२. मग रिम फिरवत चार ठिकाणी: ७५.९, ७६.०, ७६.३, ७५.८. म्हणजे ५२० अधिक ७६, ५९६ मिमी. कंपनीचा आकडाही तोच, आणि रिम गोल आहे हेही त्यातच कळलं.

त्यावरून हिशेब: मागे तीन क्रॉस (प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडते), उजवीकडे २९० आणि डावीकडे २९२ मिमी. तारा दोन्ही टोकांना २.० आणि मधे १.८ मिमीच्या. निपल पितळी. अॅल्युमिनियमचे घेतले तर दोन्ही चाकांत मिळून चाळीसेक ग्रॅम वाचतील, पण इथल्या खाऱ्या हवेत ते तारेवर पांढरे पडून जाम होतात. माझ्या जुन्या चाकाचे सहा असेच चावीखाली गोल झाले होते.

उजव्या तारांचा ताण मी ११० किलोच्या आसपास नेणार, रिमची मर्यादा १२० आहे. डाव्या किती भरतात ते ताण मोजायच्या मीटरवर पाहून इथे लिहीन. मृग लागायच्या आत मागचं चाक उभं राहायला हवं, तारा बुधवारी येतायत.