बारा-अकराचा मुहूर्त: उजेडाच्या वहीतल्या नोंदी

तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

मावसबहिणीचं लग्न ठरलं. फोटो मी काढायचे, हे मला कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. "घरात कॅमेरा असताना बाहेरचा माणूस कशाला?" असं मावशीचं म्हणणं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चोडण बेटावर, वरपक्षाच्या गावी, रिसेप्शन आहे, तिथे वरपक्षाचा फोटोग्राफर असेल. लग्नाचा दिवस मात्र पूर्ण माझ्या गळ्यात. गेली सहा वर्षं मी माशेलचा चिखलकाला, शिगमो, शेजारपाजारची बारशी असं मिळेल ते टिपते आहे. आख्खं लग्न एकटीने केलेलं नाही, म्हणून ही वही.

डिसेंबरचा पहिला आठवडा. फोंडा तालुक्यातलं देऊळ, देवळाचं सभागृह, उतरायला अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या, तीन खोल्या. मुहूर्त दुपारी १२ वाजून ११ मिनिटांचा.

१२.११ ऐकून मी कपाळाला हात लावला. मे महिन्यात एका मैत्रिणीच्या लग्नात भर दुपारी उघड्या अंगणात फोटो काढले होते. मेच्या सुरुवातीला गोव्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, काठीचीसुद्धा सावली पडत नाही. त्या फोटोंत नवरीच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आहेत आणि नाकाचा शेंडा तेवढा चमकतोय. ते फोटो मी अजून तिला पूर्ण दिलेले नाहीत.

पहिला कच्चा आराखडा असा केला: मुहूर्ताच्या वेळी मिळेल ते घ्यायचं आणि खरे फोटो संध्याकाळी पाच ते पावणेसहा तळीच्या पायऱ्यांवर. सोनेरी ऊन, पाण्यात दीपस्तंभ, झालंच काम.

तीन दिवसांनी

दुसरी सही झाली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: आपल्याकडे लग्न कायद्याने लागतं ते सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत. आधी पहिली सही, मग मधली मुदत, मग दुसरी. जुन्या पोर्तुगीज कायद्याची रीत, अजून चालू आहे. मी कॅमेऱ्याची परीक्षा म्हणून गेले. ट्यूबलाइटखाली शटर सेकंदाच्या १/२५० वर ठेवून अर्धे फोटो हिरवट, अर्धे पिवळट आले. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, म्हणून शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की रंग स्थिर. हे ठाऊक होतं, तरी तिथे गेल्यावर विसरलेच.

गंमत अशी की हे दोघे आता कायद्याने नवराबायको आहेत, पण लग्नाच्या सकाळी अंतरपाट दूर होईपर्यंत त्यांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही. मावशी याबाबत कडक आहे. म्हणजे मुहूर्ताआधी जोडीचे फोटो हा विषयच मिटला.

पुढचा शनिवार

आज गणित घातलं आणि कपाळावरचा हात थोडा खाली आला.

आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण राहतो चौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली की गोवा सुमारे ३४ मिनिटं मागे. त्यातून डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य आठ-नऊ मिनिटं घाईत असतो. ते वजा केलं तर आपली खरी मध्यान्ह येते १२.२६ च्या आसपास. म्हणजे मुहूर्ताला सूर्य जवळजवळ थेट दक्षिणेला. आणि उंची किती? साधारण ५२ अंश. डोक्यावर नाही! मे आणि डिसेंबर यांची दुपार एकच समजून मी उगाच रडत होते.

सभागृहाची दक्षिण बाजू उघडी आहे, नुसते खांब. छपराची कड तीन मीटर उंच धरली तर ऊन आत येणार सव्वादोन-अडीच मीटर, त्यापुढे नुसता उजेड. एवढा मोठा, मऊ, एका बाजूने येणारा उजेड स्टुडिओत भाड्याने घ्यावा लागतो.

सोमवार, भटमामांकडे

आतापर्यंतची सगळ्यात उपयोगाची बैठक. मी कागदावर सभागृह काढून नेलं होतं. भटमामांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि माझ्या चौकोनात दोन ठिपके दिले. "ह्या तांदळाच्या दोन राशी. वर पूर्वेच्या राशीवर, तोंड पश्चिमेला. वधू पश्चिमेच्या राशीवर, तोंड पूर्वेला. मध्ये अंतरपाट. घटका भरली की तो उत्तरेकडे ओढायचा."

"उत्तरेकडेच?"

"पोथीत तसंच आहे गो बाय. का, तुला कुठे हवा?"

मला तो अगदी तिथेच हवा होता. पडदा उत्तरेकडे गेला तर दक्षिणेला उभं राहणाऱ्याच्या वाटेत काहीच येत नाही. दोघांचे चेहरे एका बाजूने दिसतात आणि उजेड माझ्या पाठीमागून थेट त्यांच्यावर. इतकी वर्षं मी लग्नांत भटजींच्या मागे, जिथे गर्दी कमी तिथे उभी राहत आले, म्हणजे बरोबर उत्तरेला. पडदा माझ्याच तोंडावर यायचा आणि मी पडदेवाल्यावर चिडायची.

नवरीचा मामा तिच्या मागे उभा राहणार, म्हणजे पश्चिमेला. तो आडवा नाही. होमाला दोघे पूर्वेकडे तोंड करून बसतात आणि त्यांच्या पाठीमागे पश्चिमेचं मोठं दार आहे. तिथून दुपारी लख्ख पांढरा उजेड येऊन चेहरे काळे पडणार. दार दीड तास लोटून ठेवलं तर चालेल का, विचारलं. धुराला वाट हवी म्हणाले. मग तडजोड: दाराला मलमलीचा दुपदरी पडदा.

राशी छपराच्या कडेपासून तीन मीटर आत मांडायच्या, एवढं त्यांनी लगेच मान्य केलं. जाताना मी त्यांच्या मोबाइलवरून कॅमेऱ्याचं घड्याळ लावून घेतलं. मुहूर्त त्यांच्या मोबाइलवर लागणार, माझ्या नव्हे.

रविवार, प्रत्यक्ष जागेवर

भाचीला नवरी केलं. वय अकरा, हातात नारळ, मानधन दोन आइस्क्रीम. सकाळी सातपासून दर अर्ध्या तासाला एक फोटो.

अग्रशाळेची पूर्वेची खोली सोनं आहे. एकच खिडकी, जाड भिंत. सव्वाआठ ते सव्वानऊ उजेड इतका छान की चुडा, अबोलीचा गजरा, आईचे मुंडावळ्या बांधणारे हात, सगळं इथेच उरकायचं. ट्यूब बंद आणि खोलीत चारच माणसं. चार म्हणजे दहा होणार हे धरूनच चालले आहे.

१२.११ चा फोटो उजेडाला उत्तम, पण भाचीची हनुवटी आणि गळा लालसर. आधी वाटलं व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, चुकला. तो बदलला तर कपाळ निळं पडलं आणि हनुवटी तशीच. मग खाली पाहिलं. अंगण सगळं चिऱ्याचं! तांबड्या दगडावर ऊन पडतं आणि तोच तांबूस उजेड खालून चेहऱ्यावर येतो. यावर कॅमेऱ्यात उपाय नाही, जमिनीवर आहे. बराच विचार करून एक सापडला: पायघड्या. वरपक्षासाठी पांढऱ्या पायघड्या घालणारच आहोत, त्यातल्याच दोन पट्ट्या उन्हाच्या पट्ट्यात आडव्या पसरायच्या. चादर अंथरून पाहिली, हनुवटी जागेवर आली.

माटवाचं (मांडवाचं) कापड हा दुसरा घोळ. सजावटवाला वर केशरी-गुलाबी साटीन ताणणार होता. त्याखाली उभं राहिलं की माणूस आंब्याच्या पेटीत बसल्यासारखा दिसतो. फिकट क्रीम कापड ठरलं. जांभळे एलईडीही संध्याकाळपर्यंत बंद, कारण जांभळ्या दिव्यात अबोली मातकट तपकिरी दिसते, आणि अबोलीचाच रंग गेला तर गोव्यातलं लग्न म्हणून काय दाखवायचं?

आता तळी. चार वाजता सुंदर, पाच वाजता त्याहून सुंदर. पाच वाजून वीस मिनिटांनी कुणीतरी दिवा फुंकावा तसं ऊन गेलं. पंचांगात सूर्यास्त ६.०३ चा, पण पश्चिमेला डोंगर आहे. हात लांब करून बोटं आडवी धरली: क्षितिजापासून डोंगरमाथा तीन बोटं. एका बोटाला पंधरा मिनिटं, म्हणजे पाऊण तास डोंगराने खाल्ला. हे मोजायला जागेवर यायचीही गरज नव्हती, नकाशावर डोंगर दिसतो. मी पाहिला नव्हता, एवढंच.

ज्या वेळेला मी घाबरत होते ती चांगली निघाली आणि जिच्यावर सगळा भार टाकला होता ती गळाली.

लग्नाला दहा दिवस

वेळापत्रकाचं खरं दुखणं ऊन नाही, नातेवाईक.

मावशीने समूहफोटोंची यादी दिली, २३ गट. मी एका गटाला एक मिनिट धरलं होतं. घरच्याच सात माणसांवर घड्याळ लावून पाहिलं: काका चप्पल शोधतात, आत्या पदर सारखा करते, एक पोर पळून जातं. दोन मिनिटांखाली एकही गट होत नाही. म्हणजे पाऊण तास. आणि पंगत बसली की खेळ संपला. खतखत्याचा वास आला की फोटोसाठी सख्खा भाऊसुद्धा येत नाही, आणि मणगणं वाढायला घेतल्यावर मीही येणार नाही.

म्हणून यादी फोडली. वधूपक्षाचे ११ गट साडेनऊ ते दहा, नवऱ्याशिवाय, अग्रशाळेच्या सोप्यावर. म्हातारी माणसं सर्वांत आधी, खुर्च्या आधीच मांडलेल्या. उरलेले १२ मुहूर्तानंतर, होम मांडून होईपर्यंतच्या फटीत. दोन्ही बाजूंना एकेक हाका मारणारा माणूस नेमला, दोन्हीकडे मामाच. ज्याला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत आणि ज्याच्या ओरडण्याचा कुणाला राग येत नाही असा नातेवाईक लागतो.

वरपक्ष साडेदहाला पोचणार म्हणतो. चोडणहून फेरी, मग रायबंदर, जुनं गोवं, बाणस्तारीचा पूल. मी वहीत अकरा लिहिलं. जोडीचे फोटो दुपारी चारला वीस मिनिटं, सोप्यावर. पावणेपाचला वरात निघायची. संध्याकाळचा सगळा लोभ आता फेरीबोटीवर: सूर्यास्तानंतरची वीस मिनिटं आणि मांडवी, तिथे डोंगर नाही. ड्रोनचा विचार एका भावाने मांडला, मी सोडून दिला. एका माणसाने एका दिवसात किती करायचं?

कार्डं दोन, बॅटऱ्या चार, ३५ मिमी (रुंद दृश्याची) आणि ८५ मिमी (लांबचं जवळ आणणारी) अशा दोन लेन्स. गाडीत एसी असेल तर कॅमेरा बंद पिशवीत डिकीत, नाहीतर उतरल्यावर काचेवर वाफ धरते.

लग्नानंतरचा मंगळवार

आता कुठे पाय दुखायचे थांबले.

सकाळची खोली ठरल्यासारखी झाली. चारच माणसं ठरली होती, चौदा होती, पण खिडकीकडची बाजू मोकळी ठेवली होती म्हणून निभावलं. वरपक्ष अकरा वाजून पाच मिनिटांनी आला.

मंगलाष्टकं सुरू झाली, मी माझ्या जागी, ३५ लावलेली, १/५००, कारण अक्षता हवेत थांबलेल्या हव्या होत्या. सहज खाली पाहिलं तर आडव्या पायघड्या गायब! कुणाचा पाय अडकेल म्हणून एका आत्याने नीट घडी घालून खांबाशी ठेवल्या होत्या. १२ वाजून ५ मिनिटं. भाचीला डोळ्यांनी खुणावलं. ती त्या घड्या घेऊन गर्दीच्या पायांतून बसत-बसत गेली आणि पसरून त्यांच्या टोकावर स्वतःच बसून राहिली, पुन्हा कुणी उचलू नयेत म्हणून. १२.०९ ला मी चाचणीचा फोटो घेतला. हनुवटी ठीक.

अंतरपाट उत्तरेकडे गेला. सात फ्रेम मिळाल्या. तिसरी चांगली आहे: नवऱ्याच्या नजरेत हसू आहे, नवरीची नजर अजून खालीच, मधल्या हवेत तांदळाचे दाणे आणि पाठीमागे भटमामा मोबाइल बघतायत.

होमाचे फोटो मध्यम. मलमलीने उजेड अडवला, पण धूरही अडवला, आणि अर्ध्या तासाने भटमामांनी स्वतः उठून पडदा सारला. त्यांचं बरोबर होतं. पुढच्या वेळी पडदा एकपदरी.

समूहफोटो २३ पैकी १९ झाले. उरलेले चार पंगतीने नेले.

रायबंदरला पोचायला साडेपाच झाले, पुढे गाड्यांची रांग. आम्ही गाड्या रांगेत सोडून पायी फेरीत चढलो तेव्हा सहा वाजून आठ मिनिटं. पणजीच्या बाजूला अटल सेतूमागे आभाळ केशरी, वर निळं. फेरीवरची एकच ट्यूब हिरवट, शटर १/१०० आणि कमी उजेडासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता (आयएसओ) ३२००. नवरीने फेरीत चढायच्या फळीवरच्या चिखलापासून वाचवायला शालू एका हाताने वर धरलेला, दुसऱ्या हातात चपला, आणि गजरा दिवसभराच्या उन्हाने कोमेजूनही अबोलीच्याच रंगाचा. मी ८५ लावायला पिशवी उघडली. तेवढ्यात फळी वर गेली, इंजिन घुमलं आणि सगळी फेरी थरथरायला लागली. १/१०० वर काही खरं नव्हतं. पहिले सहा फोटो हललेले आहेत. सातवा नाही.