ओहायोच्या पात्रातले प्रवाळ: आधी नदीची पातळी बघा, मग गाडी काढा

पहिल्या खेपेला आम्ही साफ तोंडावर पडलो. एप्रिलमधला शनिवार, लख्ख ऊन, डबे भरलेले. इंडियानापोलिसहून दोन तास गाडी हाकत ओहायो नदीकाठच्या क्लार्कस्विलला जीवाश्म बघायला पोचलो आणि काठावरून वाकून बघतो तर खाली नुसतं चहाच्या रंगाचं पाणी. ओंडके वाहत चाललेले, त्यांच्या मागोमाग एक प्लास्टिकची खुर्ची. जीवाश्म कुठे आहेत म्हणून विचारलं, तर गळ टाकून बसलेल्या एका आजोबांनी पाण्याकडे बोट दाखवलं. "त्याच्याखाली. ऑगस्टनंतर या."

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते. 'फॉल्स ऑफ द ओहायो' स्टेट पार्कला जायचं तर आकाशाचा अंदाज नंतर बघा, आधी नदीचा बघा. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे दिवस सगळ्यात चांगले. तेव्हा नदी उतरलेली असते, वरच्या मॅकअल्पाइन धरणाचे दरवाजे बंद असतात आणि २०० एकरांहून जास्त खडक उघडा पडतो. वसंतात बर्फ वितळतं, पाऊस पडतो, दरवाजे उघडतात आणि सगळं गडप. ओहायोची पातळी रोज इंटरनेटवर मिळते. ते आकडे डोक्यावरून जात असतील तर सरळ पार्कला फोन करून विचारा, "आज खडक उघडे आहेत का?" आम्ही दुसऱ्या वेळी तेच केलं.

दुसरी खेप सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि बरोबर आई-बाबा, वाईहून आलेले. बाबांचा सूर सुरुवातीपासूनच नाराजीचा. "कृष्णेच्या पात्रात आयुष्य गेलं. कातळच बघायचा तर मेणवलीचा घाट काय वाईट होता?" लेकाचं दुसरंच. त्याला डायनासोर हवा होता. गाडीत त्याला समजावून थकले, की हे सगळं डायनासोरच्याही आधीचं आहे रे बाबा, इथे डायनासोर मिळायचा नाही. तो उतरेपर्यंत ऐकून घेत होता आणि उतरल्यावर पहिला प्रश्न, "डायनासोर कुठेय?"

तर इथे काय आहे? सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. डेव्होनियन कालखंडातला. त्या काळी हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि त्यावर उथळ, कोमट समुद्र होता. त्यात प्रवाळ वाढले, मेले, गाळात गाडले गेले, त्या गाळाचा चुनखडक झाला आणि कितीतरी काळाने नदीने वरचे थर खरवडून तो उघडा केला. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. या हिशोबात तो कालचा पोर. शिवाय आपला दगड लाव्हाचा, त्यामुळे वाईच्या कातळात शिंपला-प्रवाळ शोधायला जाण्यात अर्थ नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले.

मात्र खाली उतरल्यावर पहिली दहा मिनिटं कुणालाच काही दिसलं नाही. राखाडी, ओबडधोबड, चिखलाचे डाग पडलेला खडक, बस. माझा जीव खालीवर. पुन्हा फसलो की काय? इथे पाट्या नाहीत, काचेच्या पेट्या नाहीत. आपण ज्यावर उभे असतो तेच बघायचं असतं, हे लक्षात यायला वेळ लागतो.

मग बाबा तहान लागली म्हणून खाली टेकले आणि त्यांच्या बाटलीतलं थोडं पाणी दगडावर सांडलं. ओली फरशी पुसताना जशी गडद होते तसा तो तुकडा गडद झाला आणि त्यात मधाचं पोळं उमटलं. अगदी पोळंच, बारीक कोनाकोनांची घरं एकमेकांना चिकटून, परातीएवढ्या जागेत पसरलेली. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक दगडापासून वीतभरावर नेलं आणि उरलेलं पाणी हळूहळू ओतत कड शोधत गेले. याला फॅव्होसायटिस म्हणतात. एकेका घरात एकेक जीव राहायचा. हे मी वाचून दाखवत होते, पण ऐकायला कोण होतं?

तेव्हापासून आमची रीतच ठरली: पाण्याच्या दोन जास्तीच्या बाटल्या, पिण्यासाठी नव्हे, दगडावर ओतण्यासाठी. दगड ओला केला की सगळं उठून दिसतं. दुसरं म्हणजे वेळ. ऊन तिरपं असताना जा, सकाळी लवकर किंवा चारनंतर. भर दुपारी सावल्या नसतात, त्यामुळे उठाव कळत नाही, आणि फिकट खडकावरून ऊन असं डोळ्यांत येतं की गॉगलशिवाय उभं राहवत नाही. झाड एकही नाही. टोप्या घ्याच.

एकदा नजर बसली की मग थांबता येत नाही. बैलाच्या शिंगासारखे वाकडे, टोकाकडे निमुळते होत गेलेले तुकडे दिसतील, ते शिंगी प्रवाळ. आडवे कापले गेले असतील तर सायकलच्या चाकासारखे आरे दिसतात. पोह्याच्या दाण्यापासून बटणाएवढ्या, मधे भोक असलेल्या गोल चकत्या म्हणजे क्रिनॉइडचे देठ. दिसायला फुलझाड, पण होता प्राणी. ते सुटे मणी बघून आई म्हणाली, "कुणाची तरी माळ तुटलीय." शिंपल्यासारखे दिसणारे बरेचसे शिंपले नसतात, ब्रॅकिओपॉड असतात, त्यांचं कूळच वेगळं. इथून ६०० च्या वर जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जगात पहिल्यांदा इथेच सापडल्या. ट्रायलोबाइट, म्हणजे कवचाचा, अनेक पायांचा नामशेष समुद्री जीव, मात्र क्वचित. आम्हाला एकही दिसला नाही, आणि दिसला म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

आईने देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाची आठवण काढली. बरोबरच होतं तिचं. गंडकीचा शाळिग्राम हाही नदीतून मिळणारा जीवाश्मच, अमोनाइट या वळसेदार शंखाच्या समुद्री जीवाचा, पण या प्रवाळांपेक्षा पुष्कळ तरुण. फरक एवढाच की तो घरी आणता येतो, इथला खडा उचलायला मनाई आहे. कायद्याने. लहानसा, सुटा, "कुणाला कळतंय" छापाचासुद्धा नाही. मुलांना खाली उतरायच्या आधीच सांगून ठेवा, नाहीतर परतताना खिसे झाडावे लागतात. आमच्याकडे लागले.

'फॉल्स' या नावावर जाऊ नका. धबधबा बघायला आलेली मंडळी हिरमुसून परत जातात. इथे पूर्वी सुमारे दोन मैलांत २६ फूट उतरणारा खळाळ होता, आणि पिट्सबर्गपासून मिसिसिपीपर्यंतच्या ओहायोच्या जवळजवळ हजार मैलांच्या वाटेत होड्यांना खरी अडचण एवढीच. इथे नावा थांबायच्या, माल उतरायचा, म्हणून वस्ती झाली आणि समोरचं लुईव्हिल शहर उभं राहिलं. १८३० मध्ये बगलेला कालवा निघाला, पुढे धरण झालं, आणि आता खळाळ नावालाच उरलाय. १८०३ च्या ऑक्टोबरमध्ये लुईस आणि क्लार्क हे दोन शोधप्रवासी इथेच भेटले आणि इथून पश्चिमेच्या मोहिमेवर निघाले. पार्कच्या माहिती-केंद्राबाहेर त्यांचा हस्तांदोलनाचा पुतळा आहे. सगळे तिथे फोटो काढतात. आम्हीही काढला.

केंद्राला तिकीट आहे, खडकावर उतरायला नाही. पार्किंगची किरकोळ फी पडते. माझं मत विचाराल तर आधी खडक आणि मग केंद्र, उलटं नको. पायाखाली जे पाहिलं त्याची नावं आत कळतात तेव्हा मजा येते; आधी आत गेलात तर बाहेरचा दगड फिका वाटतो. शिवाय एसी आणि स्वच्छतागृह दोन्ही तिथेच, त्यामुळे दुपारी आत शिरणं शहाणपणाचं.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी: नदीकडे उतरायला पायऱ्या आहेत, आणि खाली एकही पृष्ठभाग सपाट म्हणावा असा नाही. शेवाळ आणि चिखल वाळलेला दिसतो, असतो ओला. आईने चपला घालून यायचा हट्ट केला आणि दहाव्या पावलाला माझा दंड धरला तो सोडलाच नाही. बूट, चांगल्या पकडीचे. ज्यांना उतरणं जमणार नाही त्यांना काठावरून नदी, रेल्वेचा उचलपूल आणि बगळे दिसतात. पक्षीचित्रकार ऑड्युबॉन तरुणपणी लुईव्हिलला दुकान चालवायचा आणि दुकान सोडून इथे पक्षी काढत बसायचा. धंदा का बुडाला असेल हे काठावर अर्धा तास बसलं की कळतं.

पाण्यात मात्र उतरू नका आणि धरणाच्या बाजूला फार पुढे जाऊ नका. दरवाजे उघडले की पाणी भराभर चढतं.

येताना एक चूक आमच्याकडून झाली ती तुम्ही करू नका. इंडियानाकडून आय-६५ ने आलात तर पुलाच्या आधीची शेवटची, शून्य नंबरची एक्झिट घ्यायची. नवरा आणि बाबा गावसकरवर वाद घालत होते, एक्झिट गेली आणि आम्ही थेट नदीपलीकडच्या केंटकी राज्यात. पुलावर टोल आहे, पण नाका नाही. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल घरी येतं. भाड्याची गाडी असेल तर कंपनी वर आपला आकार लावते. परत यायला सेकंड स्ट्रीटचा जुना पूल घ्या, त्याला टोल नाही.

खायचं बरोबर न्या. आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, काठावर बसून खाल्ली.

फोटो काढताना मापासाठी शेजारी काहीतरी ठेवा. बाबांनी शिंगी प्रवाळाशेजारी चष्म्याची डबी ठेवली आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "३९ कोटी वर्षे." पाच मिनिटांत आत्याचं उत्तर आलं, "डबी नवीन घे आता."