धाब्याच्या घराच्या लाकडाचं जेवणाचं टेबल: माझा अनुभव

चोपडा, अमळनेर, एरंडोल या बाजूला जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं उतरवून स्लॅब टाकले जाताहेत. उतरलेल्या लाकडातला चांगला साग व्यापारी उचलतो आणि उरलेल्या कड्या, फळ्या, खांबांचे तुकडे जळणात जातात. मला हे पाहवत नाही. त्या उरलेल्या मालातूनच साडेपाच फूट लांब, अडीच फूट रुंद, तीस इंच उंच टेबल निघतं. सहा माणसं नीट जेवतात.

तयार टेबलात लाकूड जेमतेम अडीच घनफूट लागतं, पण जुना माल चार घनफुटांखाली घेऊ नये. खिळ्यांची जागा, भेगा आणि कुजलेली टोकं यांत बराच भाग जातो. तुळईचं जे टोक मातीच्या भिंतीत असतं, तिथे उधई सगळ्यात आधी शिरते. वरून लाकूड शाबूत दिसतं. पेचकस टोचला आणि तो सहज आत गेला, की तिथून पुढे चांगलं लाकूड लागेपर्यंत टोक कापून टाकावं. खांबाचा तळखड्याला, म्हणजे खालच्या दगडाला टेकलेला भागही असाच तपासावा. सागाच्या वाहतुकीला वन खात्याचा परवाना लागतो, म्हणून जुन्या घरातलं लाकूड दुसऱ्या गावाहून आणायचं असेल तर गाडी भरण्याआधी रेंज ऑफिसात विचारून, घर उतरवल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला सोबत ठेवावा.

काही लाकूड मी टेबलासाठी घेतच नाही. ज्या माळ्यावर कपाशीची औषधं ठेवली जात, तिथल्या फळ्या नकोत. उधईसाठी जळकं ऑइल किंवा डांबर फासलेलं लाकूडही नको, कारण ते खोल मुरतं आणि वर गोंद धरत नाही, तेलही नीट बसत नाही. जुन्या रंगवलेल्या दारांच्या फळ्या चालतात, पण त्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात २०१७ पासून लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या रंगावर भरवसा नाही. असा रंग कोरडा घासायचा नाही, हीट गनही लावायची नाही. पाणी मारत पत्र्याच्या खरवडणीने काढायचा आणि निघालेला कचरा पिशवीत बांधायचा.

मग खिळे. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक खिळा राहिला तर रंध्याचं पातं जातं. आरा मशीनवाल्याची करवत तुटली तर तो पुन्हा तुमचं लाकूड घेणार नाही. आधी तारेच्या ब्रशने माती झाडायची, कारण भिंतीची रेती पात्याची धार खिळ्याइतकीच मारते. मग जोरदार चुंबक दोरीला बांधून लाकडावरून हळू फिरवायचा. तो जिथे ओढ घेतो तिथे खडूची खूण. गंजलेला खिळा डोक्याकडून ओढला तर डोकं तुटून हातात येतं. त्याऐवजी टोकाकडून ठोकून थोडा मागे सरकवायचा आणि मग पक्कडीने, खाली लाकडाचा तुकडा ठेवून, सरळ उपसायचा. पितळी खिळा चुंबकाला सापडत नाही, म्हणून दाराच्या फळ्या डोळ्यांनी तपासाव्या.

खिळ्याभोवतीचे काळे डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातला टॅनिन हा तुरट अंश यांचा संयोग. बाभळीत ते फार गडद पडतात. नको असतील तर एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड घालून ब्रशने लावावं आणि डाग फिके झाले की दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावं. हे विष आहे. हातमोजे, चष्मा लागतोच, आणि वाळलेल्या भुकटीची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. मी वरच्या फळ्यांवरचे डाग काढतो, पायांवरचे राहू देतो.

लाकूड जुनं आहे म्हणजे वाळलेलंच असेल, असं नाही. पावसाळ्यात उतरवलेल्या घराचा माल ओला असतो. सावलीत, इंचभर जाडीच्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर मध्ये घालून थर रचावे. मे महिन्याच्या उन्हात उघडं टाकलं तर टोकं फाटतात. एक तुकडा दर आठवड्याला तराजूवर घालावा. वजन उतरायचं थांबलं की काम सुरू. बारीक छिद्रांतून पीठ पडत असेल तर किडा लागलेला आहे. दहा लिटर गरम पाण्यात २४० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३६० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून उघड्या लाकडावर दोन-तीन हात द्यावे. हे औषध पाण्याने धुवून जातं, म्हणून घरातल्या वस्तूंनाच उपयोगी.

सहा इंची चौरस खांबाच्या अडीच फूट तुकड्यातून चारही पाय निघतात. करवतीचा काप आणि रंधा धरून पाय पावणेतीन इंची उरतो. चारही एकाच लाकडाचे असल्यामुळे रंग जुळतो. वरच्या फळ्या कड्या चिरून काढायच्या. चिरल्यावर आतला ताण सुटतो आणि फळी वाकते. म्हणून हवी त्यापेक्षा दोन सूत (पाव इंच) जाड चिरावी, पंधरा दिवस पुन्हा रचून ठेवावी, मगच रंधून सव्वा इंचावर आणावी. पाय अंजनाच्या लाकडाचे करायचे असतील तर प्रत्येक स्क्रूला आधी भोक पाडणं भाग आहे. ते लाकूड पाण्यात बुडण्याइतकं जड, आणि स्क्रू त्यात मोडतो.

पायांना जोडणाऱ्या पट्ट्या चार इंच उंच, एक इंच जाड. त्यांचं कुसू, म्हणजे पायातल्या भोकात बसणारं टोक, तीन सूत जाड, तीन इंच उंच, सव्वा इंच लांब ठेवतो. पायाच्या लाकडातलं जुनं भोक कुसवाच्या नव्या भोकापासून दोन इंच तरी दूर हवं, नाहीतर मधलं लाकूड तुटतं. कुसवातलं खुंटीचं भोक पायातल्या भोकापेक्षा अर्धा सूत सांध्याकडे सरकवावं, म्हणजे खुंटी ठोकताच सांधा घट्ट ओढला जातो. सागात अंगचं तेल असतं. गोंद लावण्याआधी सांधा थिनरने पुसला नाही तर गोंद नुसता चिकटल्यासारखा दिसतो.

आता वरचा भाग बसवणं, आणि खानदेशात टेबलं इथेच फाटतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावची हवा इतकी कोरडी असते की लाकूड आकसतं, आणि श्रावणात तेच फुगतं. तीस इंच रुंद सागाच्या फळीत हा फरक अडीच-तीन सुतांपर्यंत जातो. लांबीत मात्र जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून वरचा भाग चारही बाजूंनी गोंद किंवा स्क्रूने आवळला, की काहीतरी फुटणारच: फळी नाहीतर सांधा. मी आखूड पट्ट्यांच्या मधोमध एकेक स्क्रू पक्का ठेवतो. बाकी सगळीकडे लोखंडी एल पट्टी, तिच्यात अर्धा इंच लांबट भोक, रुंदीच्या दिशेने. उन्हाळ्यात बसवत असाल तर स्क्रू लांबट भोकाच्या आतल्या टोकाशी ठेवा, म्हणजे फळीला बाहेर जायला जागा राहते. भर पावसाळ्यात उलट. लाकूड आधीच फुगलेलं, म्हणून स्क्रू बाहेरच्या टोकाशी.

टेबलावर सरळ कूलरचा झोत येत असेल तर एक बाजू ओली, दुसरी कोरडी राहून फळी कमान घेते. त्यावर उपाय दोन: टेबल झोताच्या बाहेर ठेवणं, आणि खालच्या बाजूला वरच्याइतकेच तेलाचे हात देणं. खालची बाजू दिसत नाही म्हणून कोरडी सोडायची नाही.

पहिल्या हाताला रंगाच्या दुकानातलं तयार उकळलेलं (बॉइल्ड) जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात. वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून काढायचं, नाहीतर ते चिकट राहून धूळ धरतं. एक दिवस जाऊ देऊन नुसत्या तेलाचे आणखी दोन पातळ हात. खाण्याचं कच्चं जवस तेल आठवडे वाळत नाही, ते घेऊ नका. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका. तेल हवेशी मिळताना गरम होतं आणि ढिगाला आपोआप आग लागते, आमच्या ४५ अंशांत तर धोका जास्तच. त्या पाण्यात बुडवून ठेवायच्या किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवायच्या. पुढे दर दिवाळीनंतर, पावसाची ओल गेल्यावर, एक पातळ हात पुरतो, आणि त्याच वेळी खालचे स्क्रू तपासून सैल झालेले आवळायचे.