घरघर गेली, पण शिट्टी एलओटीची नव्हती!

मंडळी, नवीन एलओटी घ्यायचा बेत रद्द! गेल्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की बाबांच्या २१ इंची पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतली बारीक शिट्टी एलओटीचीच (पिक्चर ट्यूबसाठी हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर) आहे. ती तिथली नव्हतीच. रविवारी रात्री खरं ठिकाण सापडलं आणि तेव्हापासून कधी एकदा लिहिते असं झालंय.

घरघरीचं आधी उरकते. स्पीकरमधली घुंऽऽ आणि चित्रावरून सरकणारा जाड पट्टा, दोन्ही मेन फिल्टरचेच (मेनच्या विजेतले चढउतार सपाट करणारा कपॅसिटर) प्रताप निघाले. २२० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कपॅसिटर मीटरवर जेमतेम ३८ दाखवत होता. नवा टाकला आणि घरघर ठार बंद. आवाज शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावला आणि पाच मिनिटं नुसती शांतता ऐकली. फार बरं वाटलं.

मात्र खरेदी जपून करा. पुण्याच्या तपकीर गल्लीत पहिल्या दुकानातून आणलेला 'नवा' कपॅसिटर हातालाच हलका लागत होता. घरी मोजला तर ९०. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी काउंटरवरच मीटर लावून दाखवलं. आता मी मोजून दिल्याशिवाय घेत नाही आणि घेते तो १०५ डिग्रीपर्यंत चालणाराच. ८५ चा हीटसिंकशेजारी लवकर सुकतो.

आता शिट्टी. मी बावन्न वर्षांची, मला ती ऐकूच येत नाही. धाकटा नववीत आहे, तो दारातूनच कानांवर हात ठेवतो. म्हणून फोनवर स्पेक्ट्रमचं अ‍ॅप घेतलं. १५,६२५ हर्ट्झवर सुईसारखा उभा काटा! पाल या टीव्ही पद्धतीच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे बरोबर लाइन फ्रिक्वेन्सी. ब्राइटनेस कमीजास्त केला तरी काटा जागचा हलला नाही. या सेटचा एसएमपीएस (मेनच्या विजेपासून सेटला लागणारे व्होल्ट बनवणारा भाग) स्वतंत्र चालतो, लोड बदलला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते. त्यामुळे चॉपर, म्हणजे एसएमपीएसचा ट्रान्सफॉर्मर, संशयातून सुटला. उरले एलओटी, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर (एलओटीच्या ट्रान्झिस्टरला सिग्नल देणारा), लिनिअ‍ॅरिटी कॉइल (चित्र आडवं एकसारखं पसरवणारी) आणि योक (ट्यूबच्या मानेवरची, इलेक्ट्रॉनचा झोत वळवणारी गुंडाळी).

चालू सेटमध्ये काडीनं एकेक पार्ट दाबून बघायची पद्धत बरेच जण वापरतात. मी ती वापरत नाही. अ‍ॅनोडवर (ट्यूबच्या हाय व्होल्टेजच्या टोकावर) वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात आणि मेनच्या बाजूची चेसिस हॉट, म्हणजे थेट मेनशी जोडलेली असते. माझी पद्धत सावकाशीची: एका वेळी एकच पार्ट. प्लग काढायचा, डिस्चार्ज करायचा, सैल भाग कंपू नये म्हणून व्हार्निशचा थेंब सोडायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सिरीज लॅम्पवर (मेनच्या वाटेत जोडलेल्या बल्बवर) चालू करायचा.

डिस्चार्जबद्दल पुन्हा लिहिते, कारण मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं. मेन फिल्टरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चार्ज राहू शकतो. क्लिपा लावलेला २.२ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर पाच सेकंद धरायचा आणि मग मीटरनं शून्य बघायचंच. पिक्चर ट्यूबसाठी चांगल्या इन्सुलेशनच्या स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या मागच्या विणलेल्या अर्थ पट्टीला लावायचं, चेसिसला नाही. पातं अ‍ॅनोडच्या रबरी टोपीखाली सरकवायचं, दुसरा हात पाठीमागे. पाच मिनिटांनी परत तेच, कारण काचेत उरलेला चार्ज पुन्हा वर येतो. मला दुसऱ्या वेळीही बारीक 'टिक' ऐकू आली.

पहिले दोन दिवस एलओटीच्या फेराइट जोडावर घालवले. काटा तसूभरही खाली नाही. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर, तेही फुकट. चौथ्या दिवशी बोर्ड उलटा धरला तेव्हा लिनिअ‍ॅरिटी कॉइलच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसली. भिंगाखाली दोन्ही पायांना! वरून बोटानं हलवली तर आतला गाभा खुळखुळत होता. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं भरलं, गाभ्यात व्हार्निश सोडलं.

रविवारी चालू केला. काटा चौदा डेसिबलनं खाली! धाकट्यानं समोर बसून अख्खी मॅच बघितली, एकदाही कानाकडे हात गेला नाही. एलओटीसाठी बाजूला ठेवलेले पैसे वाचले ते वेगळेच.

पण पूर्ण गेलेली नाही. वीस मिनिटांनी सेट तापला की काटा हळूहळू वर चढतो. मी ड्रायव्हरवर व्हार्निशचा दुसरा हात द्यायचं ठरवलं होतं, पण हे लिहिताना मागचे फोटो चाळले आणि योकच्या रबरी पाचरांकडे लक्ष गेलं. एक तर वाळून चिरलीय, दुसरी सुटत आलीय. तापल्यावर योकच कंप पावत असेल तर सगळं जुळतं. म्हणजे ड्रायव्हर थांबला, आधी पाचरा.

योक जरा जरी फिरला तर प्युरिटी (रंगांची शुद्धता) आणि कन्व्हर्जन्स (तिन्ही रंग एकमेकांवर नीट पडणं) दोन्ही जातील. म्हणून शनिवारी ट्यूबच्या मानेवर आणि योकवर मार्करनं एकच रेघ ओढणार, चारही बाजूंनी फोटो काढणार आणि एका वेळी एकच पाचर बदलणार. त्या मापाचं रबर कुणाकडे पडून असेल तर कळवा, माझ्याकडे फक्त सायकलच्या ट्यूबचे तुकडे आहेत आणि ते उष्णतेला टिकतील असं वाटत नाही.