कॅनमधून टाकीत : नळ नसलेल्या तळावर कॅम्परचे पाणी भरताना

दक्षिण कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात जम्बो रॉक्स नावाचा मुक्कामाचा तळ आहे. ग्रॅनाइटच्या प्रचंड गोलसर खडकांच्या आडोशाने वसलेल्या या तळावर सव्वाशेच्या आसपास जागा आहेत, पण पाण्याचा नळ एकही नाही. पिण्याचे पाणी हवे असेल तर उद्यानाच्या पश्चिम प्रवेशद्वाराशी, इंडियन कोव्हच्या रेंजर चौकीशी किंवा ब्लॅक रॉक आणि कॉटनवुड या तळांवर जावे लागते. आमच्या कॅम्परची, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराची, गोड्या पाण्याची टाकी दीडशे लिटरची आहे आणि चौघांच्या स्वयंपाकाला, भांड्यांना व अंघोळीला ती कितीही काटकसर केली तरी फार दिवस पुरत नाही. अशा वेळी एकदा समतल करून, टेकू लावून उभा केलेला कॅम्पर पुन्हा गाडीला जोडून नळापर्यंत ओढत नेण्यापेक्षा गाडीतून कॅन भरून आणणे आम्हाला केव्हाही परवडते.

या कामातला खरा अडसर वजनाचा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे आमचा १९ लिटरचा कॅन भरल्यावर वीस किलोच्या घरात जातो. दुकानात २६ लिटरचेही कॅन मिळतात आणि कमी खेपांत काम होईल म्हणून ते घ्यावेसे वाटतात. परंतु कॅम्परच्या बाजूला असलेले टाकीचे तोंड जवळपास छातीच्या उंचीवर असते आणि तेवढ्या उंचीवर भरलेला कॅन तिरका धरून उभे राहणे कंबरेला मुळीच मानवत नाही. शिवाय पाणी भराभर ओतूनही उपयोग होत नाही, कारण टाकीत जितके पाणी शिरते तितकीच हवा बाहेर पडावी लागते. तोंडाशेजारच्या बारीक छिद्रातून ती हवा निघते आणि धार मोठी झाली की तिला वाट पुरत नाही. मग अरुंद गळ्याच्या बाटलीत पाणी भरताना व्हावे तसे गडगडून सगळे पाणी उलट बाहेर येते. नरसाळे लावले तरी ही अडचण सुटत नाही.

म्हणून आम्ही १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप वापरतो. तो गाडीच्या बॅटरीला जोडायचा, त्याची एक नळी जमिनीवर ठेवलेल्या कॅनमध्ये सोडायची आणि दुसरी टाकीच्या तोंडात वीतभर आत सरकवायची, एवढीच त्याची मांडणी आहे. मिनिटाला अकरा लिटरच्या आसपास उपसणारा हा पंप एक कॅन दोन मिनिटांत रिकामा करतो. कॅम्परमध्ये मुळातच एक पंप असतो, पण तो टाकीतले पाणी नळांकडे ढकलतो. काही कॅम्परना त्याच पंपाने बाहेरचे पाणी टाकीत ओढून घेण्याची झडप असते, आमच्याकडे ती नाही. टाकीच्या तोंडात नळी घातल्यावर भोवतीची फट फडक्याने बुजवू नये, कारण तिथूनही थोडी हवा बाहेर पडते. कॅन तळाला आला की पत्नी तो एका कोपऱ्यावर कलता धरते, म्हणजे शेवटचे लिटरभर पाणीही ओढले जाते. मुलगा हवेच्या छिद्राला कान लावून उभा असतो. टाकी भरत आली की तिथला फुसफुस आवाज बदलून बुडबुड ऐकू येऊ लागते आणि छिद्रातून पहिले थेंब उडताच तो ओरडतो, “बाबा, बास!”

स्वच्छतेच्या बाबतीत आम्ही जराही सवलत घेत नाही. नळी पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलीच हवी. बागेत वापरायच्या साध्या नळीतून पाण्यात नको ते घटक उतरू शकतात. तिची दोन्ही टोके वापरानंतर झाकून ठेवावीत आणि धुळीत टेकू देऊ नयेत. सांडपाणी सोडण्याच्या जागी धुण्यापुरता जो नळ असतो, त्यावर पिण्यास अयोग्य अशी पाटी असते, आणि तिथे कॅन विसळणेसुद्धा टाळावे. अर्धपारदर्शक कॅन उन्हात राहिला तर त्यात शेवाळ धरते, म्हणून ते गाडीच्या सावलीत ठेवावेत. हंगामाच्या सुरुवातीला दर ५७ लिटरमागे साधारण ६० मिलिलिटर या प्रमाणात बिनवासाचे ब्लीच टाकीत घालून, ते पाणी सगळ्या नळांतून फिरवून, रात्रभर ठेवून मग टाकी वास जाईपर्यंत धुतो.

किती पाणी भरायचे हे मात्र कॅम्परमधल्या दिव्यांवर सोपवू नये. ते रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि भरलेली एवढेच सांगतात. त्यापेक्षा कॅन मोजणे अधिक भरवशाचे. शिवाय वर भरलेले बहुतेक पाणी शेवटी सांडपाण्याच्या टाकीत जाते आणि उद्यानात ते जमिनीवर सोडण्यास मनाई आहे. त्यामुळे खालच्या टाकीत जेवढी जागा उरली असेल, तेवढेच कॅन आम्ही आणतो.

टाकी पूर्ण कोरडी पडली असेल तर नळांच्या वाहिन्यांत हवा शिरलेली असते. सर्वांत लांबचा नळ आधी उघडून, थुंकल्यासारखी तुटक धार सलग होईपर्यंत वाहू द्यावा, मग बाकीचे नळ एकेक करून तसेच करावेत. सगळे बंद केल्यावर कॅम्परमधला पंप आपोआप थांबला पाहिजे. तो अधूनमधून सुरू होत राहिला तर कुठेतरी गळती आहे. गरम पाण्याच्या नळाला अखंड धार आल्याखेरीज विजेचा हीटर लावू नये, कारण पाण्याविना त्याची कॉइल जळून जाते.